मी ‘त्वचा स्वच्छ’ लिहिलं, त्याची गोष्ट

सबंध नोकरी मी लोकांच्या लेकरांना सुया टोचण्यात घालवली, आणि आता तीच लेकरं घर शोधत येतात आणि मला लग्नाच्या पत्रिका देतात. टोचून घेऊन वर निमंत्रण देणारी गिऱ्हाईकं दुसऱ्या कुठल्या कामात मिळतील, सांगा बरं! गारखेड्यातल्या लहान मुलांच्या एका हॉस्पिटलात मी नर्स होते. शहराला तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो आणि हॉस्पिटलच्या मागच्या खिडकीतून ज्वारी दिसायची.

दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी आधी हसलेच. टोचण्याच्या कसल्या आल्यात आठवणी? पोरगं रडतं, आई त्याच्याहून जास्त रडते, संपलं. पण मग वाटलं, माझ्या टेबलावरून उठून जी लेकरं विमानात बसली त्यांच्याबद्दल लिहावं. त्यातल्या एका लेकराबद्दल तर लिहायलाच हवं, कारण ते माझ्या हातून जाता जाता वाचलं.

काम आधी समजावून सांगते. बाळ आलं की कपडे काढायचे, वजन करायचं, लांबी मोजायची, डोक्याचा घेर फितीनं घ्यायचा, लस टोचायची, आणि हे सगळं एका जाड रजिस्टरात आणि आईजवळच्या कार्डावर लिहायचं. यातलं टोचणं सगळ्यात सोपं. मोजणं आणि लिहिणं अवघड. समोर एक जण किंचाळत असतो, आजीला मधेच शंका येते, बाहेर रांग खोळंबलेली असते, आणि तशात पेन चालत नाही. नव्या पोरी येऊन मला म्हणायच्या, “सिस्टर, अंदाजानं टाकू का लांबी?” मी म्हणायचे, “तुझ्या लग्नाचं ब्लाउज अंदाजानं शिवू का?”

मापाचं मोल मला नसीमनं शिकवलं. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा सौदीला ड्रायव्हर, मुलगा झाला तेव्हा तो तिकडंच. ती दर महिन्याला यायची, लस असो वा नसो, आणि रिळाचा धागा पुढं करायची. “सिस्टर, इसकी लंबाई धागे पे नाप के देव ना. इसके अब्बा को भेजना है.” मी बाळाला पाटीवर ताणून झोपवायची, डोक्यापासून टाचेपर्यंत धागा धरून कापून द्यायची. ती तो पत्रात घालून पाठवायची. सेंटिमीटर लिहून पाठव म्हटलं तर म्हणाली, “आकडे को क्या हात लगाएंगे वो?” दीड वर्षानं नवरा सुट्टीवर आला, तिघं मिळून भेटायला आली. पोरगं बापाकडं बघून भोकाड पसरत होतं. त्या माणसानं खिशातून धाग्यांची गुंडाळी काढली. सगळ्यात लांब धागा निवडून पोराच्या पाठीशी धरला आणि मला म्हणाला, “दो उंगल और बढ गया, सिस्टर.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर मी कधी अंदाजानं लांबी टाकली नाही.

पुढं मुलं इंजिनीअर व्हायला लागली आणि सौदीच्या जागी अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया असली गावं कानावर येऊ लागली. घरोघरचा एक तरी तिकडं. आणि तिकडं गेलं की पोर होतंच, आणि पोर झालं की ते रडतंच. मग फोन मला. “सिस्टर, सकाळपासून दूध घेत नाहीये.” मी आधी म्हणायचे, “तू गप्प बस, मला त्याचं रडणं ऐकव.” भुकेचं रडणं वेगळं, कानाचं वेगळं, नुसता हट्ट वेगळा. हातातलं काम ठेवून मी कानाला फोन लावून पोरांचं रडणं ऐकायची, रांगेतले लोक बघत बसायचे. कान दुखतोय वाटलं की म्हणायचे, “माझं ऐकू नको, तिथल्या डॉक्टरकडं आत्ता जा.” आमचे डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, ते थट्टा करायचे, “सिस्टर, तुमची ओपीडी समुद्रापलीकडं गेली, आता आम्हाला विचाराल का?” एका बापानं तर पोराच्या शीचा महिनाभराचा तक्ता करून पाठवला होता, वेळ आणि रंगासकट. मी त्याला फोन करून म्हटलं, “दादा, शाबास. आता तो कागद फाडून टाक आणि पोराला मांडीवर घे.”

तर या लोकांसाठी आम्ही एक फाईल करून द्यायचो. कुठल्या लसी कधी झाल्या, वजन, उंची, आजारपणं, सगळं इंग्रजीत, खाली सरांची सही आणि शिक्का. त्यात एक ओळ मी स्वतः घालायला लावली होती. झालं काय, एक जोडपं सुट्टीवर आलं ते तोंड पाडून. तिकडच्या पाळणाघरात त्यांच्या पोरीच्या कमरेवरचा निळसर डाग बघून बायांनी विचारलं होतं, हिला मार लागलाय का? आपल्याकडच्या कितीतरी बाळांना जन्मतःच तो डाग असतो, दोनचार वर्षांत आपोआप जातो. तिकडच्यांनी तो बघितलेला नसतो. तेव्हा मी सरांना म्हटलं, आपण फाईलमध्ये त्वचेची ओळ घालू. अंगावर जिथं जिथं डाग, वण, जन्मखूण असेल, ते आकारासकट लिहू. दंडावरच्या लसीचा वणसुद्धा लिहू. सर म्हणाले, “हे मला सुचायला पाहिजे होतं.” त्या दिवशी मी घरी जाताना इतकी फुशारले होते की भाजी घ्यायची विसरले.

आता आक्कांची गोष्ट. नावं बदलली आहेत आणि देशाचं नाव सांगत नाही. थंडीचा मुलूख होता एवढं पुरे.

आक्का पाचोडच्या. घरची शेती, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा रामेश्वर शिकून इंजिनीअर झालेला आणि तिकडं नोकरीला. सून अश्विनी बाळंतपणापासून गारखेड्यात भाड्याच्या घरात, कारण बाळाचे व्हिसाचे कागद व्हायचे होते. आक्का पाचोडची शेती दिराच्या हवाली करून नातवासाठी तिच्याजवळ येऊन राहिलेल्या. नातवाचं नाव ईशान. गुबगुबीत, टोचलं तरी क्षणभर विचार करून मग रडणारं पोर.

जायला दहा दिवस राहिले तेव्हा फाईलसाठी शेवटची तपासणी होती. अश्विनी गुलमंडीवर गरम कपडे घ्यायला गेलेली, म्हणून आक्का एकट्याच त्याला घेऊन आल्या. मी झबलं काढलं आणि हात थांबला. बेंबीभोवती पाच फोड. दोन फुटलेले, तीन टरारलेले, काळपट, गोल.

“आक्का, हे काय?”

“घामुळ्या उठल्यात.”

“बेंबीभोवती मोजून पाच घामोळ्या?”

आक्का खाली बघायला लागल्या. “बिब्बा घातला म्या.”

बिब्बा म्हणजे रानातलं एक काळं बी. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल निघतं. ते लेकराच्या पोटावर टेकवलं की पोट फुगत नाही, दृष्ट लागत नाही, असा आमच्याकडचा जुना समज. तेल भयंकर जहाल. कातडी भाजते, फोड येतो, आणि फोड बरा झाला तरी काळा डाग राहतो. सरांना बिब्बा दिसला की ते अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घ्यायचे. मी स्वतः कितीतरी आज्यांना फैलावर घेतलेलं. त्या दिवशीही तोंड उघडलंच होतं, तर आक्कांनी माझे दोन्ही हात धरले.

“थंडीचा मुलूख हाय म्हन्त्यात. दोघं बी कामावर जानार. तिथं लेकराचं पोट धरलं तर बघाया कोन हाय? मला काय इमानात नेत नाईत. म्हनून घालून दिला. मला दुसरं काय देता येतंय, बाई? डाक्टरला नका सांगू. सुनंला कळलं तर पुन्यांदा हात लावू द्यायची नाय मला.”

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. पण दहा दिवसांनी ते पोर जाणार, मग म्हाताऱ्या बाईच्या हाती काय राहणार? सुनेसमोर तिची शोभा कशाला? मी फोडांना मलम लावलं, झबलं घातलं, पोराला थोपटून झोपवलं. आणि माझ्याच त्या ओळीत इंग्रजीत लिहिलं: त्वचा स्वच्छ, डाव्या दंडावर लसीचा वण. सरांनी झोपलेल्या लेकराच्या छातीला झबल्यावरूनच नळी लावली आणि सही केली. मी लिहिलेलं ते पुन्हा तपासत नसत.

आक्का जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या. मला वाटलं, आज पुण्य केलं.

चार महिने झाले. दुपारची दोनची वेळ, मी टेबलावर लसी मांडत होते, तर अश्विनीचा फोन. मी सवयीनं म्हटलं, “रडणं ऐकव.”

ती म्हणाली, “ईशान माझ्याजवळ नाहीये, सिस्टर.”

मी खुर्चीवर बसले. तिनं सांगितलं ते असं. पाळणाघरात लंगोट बदलताना बाईला त्याच्या पोटावर पाच गोल काळे डाग दिसले. तिनं डॉक्टरांना कळवलं. डॉक्टरांना ते सिगारेटचे चटके वाटले. तिकडच्या कायद्यानं असं काही दिसलं की मुलाला आधी सुरक्षित ठिकाणी ठेवतात आणि मग चौकशी करतात. ईशानला दुसऱ्या एका बाईच्या घरी ठेवलेलं. आईबापानं दिवसातून एक तास भेटायचं, तेही समोर सरकारी माणूस बसलेला असताना.

“पण तू सांगितलं नाहीस का, आजीनं बिब्बा घातला म्हणून?” मी विचारलं. तिला बिब्बा कळला होता हे मी त्या क्षणी गृहीतच धरलं.

“पहिल्या दिवशीच सांगितलं. मला काय कळलं नव्हतं का तेव्हा? म्हटलं जाऊ दे, आक्कांचं मन राहील, म्हणून मीही बोलले नाही. इथं त्यांनी विचारलं, याला पुरावा काय? मी म्हटलं, आमच्या हॉस्पिटलची फाईल आहे, त्यात सगळं लिहिलेलं असतं. मी स्वतःच्या हातानं काढून दिली, सिस्टर.” मग म्हणाली, “त्यात लिहिलंय, त्वचा स्वच्छ. आता ते म्हणतात, मूल निघालं तेव्हा डाग नव्हते. म्हणजे इथं आल्यावर झाले. म्हणजे आम्ही केले.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “चार दिवसांनी त्यांची बैठक आहे. त्यात ठरणार, ईशान किती दिवस तिकडं राहणार ते.”

लोक म्हणतात, परदेशातले लोक दुष्ट, लेकरं हिसकावतात. मी तसं म्हणणार नाही. एका लेकराच्या अंगावर भाजल्याचे डाग दिसले आणि त्या बाईनं ते लपवले नाहीत. माझ्यासमोर तेच डाग ताजे होते, आणि मी लपवले. आम्हा दोघींत नर्स कोण, हे मला त्या दुपारी नीट कळलं.

मी सरांच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. सर एरवी भडकणारा माणूस. त्या दिवशी ते ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, “सिस्टर, खाली सही माझी आहे.”

“तुमचं नाव येऊ देणार नाही, सर. मी लिहून देते, चूक माझी एकटीची.”

“म्हणजे दुसरं खोटं!” आता ते ओरडले. “मी बाळाचं पोट उघडून न बघता सही केली, हेही लिहा. जसं झालं तसं लिहा. माझ्या रजिस्ट्रेशनचं काय व्हायचं ते होवो, पोरगं आधी आईकडं जाऊ दे.”

नोकरीभर खूप डॉक्टर बघितले. आपली चूक आपणहून कागदावर उतरवा म्हणणारा हा एकच. त्यांच्या हाताखाली काम करायला मिळालं याबद्दल मी आजही देवापुढं हात जोडते. आम्ही दोन पानं लिहिली, दोघांनी सह्या केल्या, शिक्का मारला. सरांनी ती पुन्हा वाचली आणि म्हणाले, “पण सिस्टर, एकदा खोटं लिहिणाऱ्यांच्या दुसऱ्या कागदावर ते का विश्वास ठेवतील? जिनं घातला तिनं सांगायला पाहिजे. त्यांना तिच्याशी बोलता येईल असं करा.”

नातू परदेशी गेल्यावर आक्का पाचोडला परतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बीडकडची एसटी पकडली. आक्का ओसरीवर मटकी निवडत होत्या. मला बघून लगबगीनं उठल्या, पाणी आणलं, चहा टाकायला निघाल्या. मी म्हटलं, “चहा राहू द्या. ईशानचं कळलंय ना?”

आक्का सूप मांडीवर घेऊन पुन्हा बसल्या. “रामेश्वर म्हनला, कागदाचा घोळ हाय, व्हईल म्हनला.”

लेकानं आईला खरं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. आक्कांच्या मांडीवरचं सूप खाली घसरलं. सांडलेली मटकी गोळा करत त्या म्हणाल्या, “म्या नाय घातला बिब्बा.”

“आक्का!”

“नाय घातला. तुमी दुसऱ्या कुनाचं लेकरू बघितलं असंल.”

“आक्का, मी या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही माझे हात धरले होते.”

“मग तवा का नाय लिवलं?” त्या माझ्या अंगावरच आल्या. “बघितलं व्हतं तर लिवायचं! आता म्या व्हय म्हनलं तर माज्या लेकाला तुरुंगात घालतील. म्हन्तील, ह्याच्या आईनं लेकरू भाजलं. पुन्यांदा त्यो मला नातू दावंल का? म्या काय वंगाळ केलं? माया केली म्या!”

मला इतका राग आला की त्यांना खांद्याला धरून हलवायचंच बाकी होतं. आणि मग एकदम सगळा राग उतरला, कारण त्या म्हणत होत्या त्यातला शब्द न् शब्द मी स्वतःशी म्हटलेला होता. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

“आक्का, मीपण मायाच केली. तुमच्यावर केली, आणि लेकराला विसरले. मी माझी चूक लिहून सही करून आलेय. माझी नोकरी राहील का जाईल मला माहीत नाही. तो तिकडं परक्या घरात आहे. ‘आई’ म्हणतो तर तिथं कुणाला कळतही नसेल.”

आक्कांनी मटकी भरून ठेवली, आत गेल्या, हातपाय धुतले. बाहेर आल्या तेव्हा अंगावर धुतलेलं लुगडं होतं आणि हातात पिशवी. पिशवीत काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “बिब्बं हायती. इचारलं त्यांनी तर दावाया नको का?”

बैठकीच्या दिवशी दुपारी सरांच्या खोलीत आम्ही तिघं मोठ्या पडद्यासमोर बसलो. आमची पानं सरांनी आधीच पाठवली होती. पलीकडं एका टेबलाशी रामेश्वर आणि अश्विनी, आणि त्यांच्यासमोर एक अधिकारी बाई आणि पांढरे बॉबकट केस असलेल्या डॉक्टरीणबाई. अश्विनी ओळखू येत नव्हती, इतकी सुकली होती. रामेश्वर आईकडं बघतच नव्हता.

आक्का बोलत होत्या आणि सर इंग्रजीत सांगत होते. आक्कांनी बिब्बा दाखवला, सुई दाखवली, दिवा कसा धरायचा, थेंब कसा टेकवायचा ते दाखवलं. कुठं अडखळल्या नाहीत. “सुनंनं नाय केलं, लेकानं नाय केलं. म्या केलं. ह्या शिस्टरला म्या गप केलं. मला काय करायचं ते करा, लेकरू त्याच्या आईला द्या.”

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, असं एकाच मुलाला केलं की आणखी कुणाला?

आक्का म्हणाल्या, “आनखी कुनाला म्हंजी? माज्या लेकाला बी घातला व्हता की.” आणि मग एकदम पडद्याच्या जवळ सरकल्या. “रामेश्वर, सदरा वर कर.”

“आई, काय बोलतेस? इथं मीटिंग चाललीय.”

“वर कर म्हंते ना!”

तो उठून उभा राहिला. त्यानं स्वेटर वर केलं, शर्ट वर केला, बनियन वर केलं. सुटलेल्या पोटावर, बेंबीभोवती, पाच डाग. पुसट, ताणलेले, पण गोल आणि पाचच. तो मान वाकवून स्वतःच्याच पोटाकडं बघत राहिला आणि म्हणाला, “मी तर याला आजवर कांजिण्यांचे वण समजत होतो.”

डॉक्टरीणबाई उठल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून त्याच्यापुढं वाकल्या. समोरच्या फाईलमधून ईशानच्या पोटाचा फोटो काढला आणि रामेश्वरच्या पोटाशेजारी धरला. एक डाग, मग दुसरा, अशी बोटानं जागा लावून बघितली. वर डावीकडं, वर उजवीकडं, खाली दोन, आणि एक थेट बेंबीच्या वर. मग त्यांनी अधिकारी बाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि त्या बाई लिहायला लागल्या. अश्विनीनं टेबलावर डोकं टेकलं. तेवढी भाषा तिला एव्हाना कळायला लागली होती, म्हणून ईशान परत मिळणार हे आम्हालाही कळलं.

ईशान तिसऱ्या दिवशी घरी आला. काही महिने त्यांची नर्स घरी येऊन बघून जाईल, एवढी अट होती. ज्या बाईकडं तो राहिला होता तिनं अश्विनीच्या हातात एक वही दिली. रोज त्यानं काय खाल्लं, किती झोपला, कशानं हसला, सगळं त्यात लिहिलेलं. अश्विनीनं मला त्या वहीचे फोटो पाठवले. भाषा कळली नाही, पण तारखा न् वेळा बघून मी ढसाढसा रडले. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. तिचं भलं होवो.

सर तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते मला मान्य होतं. माझी नोकरी राहिली, त्यांचंही काही बिघडलं नाही, हे आमचं नशीब. मात्र तेव्हापासून परदेशी जाणारं प्रत्येक लेकरू आम्ही दोघांनी मिळून उघडं करून बघितलं, आणि कुठल्याही आजीनं माझे हात धरले की मी ते सोडवून घेऊन आधी लिहायची आणि मग तिला चहा पाजायची. आक्कांनी बिब्बे शेताच्या बांधाला पुरले. ते जाळायचे नसतात, धूर बाधतो. पाचोडच्या बाजारात कुणी बिब्बा विकायला बसलं की आक्का त्याच्याशी भांडतात असं त्यांच्या दिरानं मला सांगितलं. तेवढं भांडण मला दाखवा म्हणून मी अजून मागं लागलेय.

मी निवृत्त झाले त्या वर्षी अश्विनीला मुलगी झाली, तिकडंच. या वेळी त्यांनी आक्कांना विमानात बसवून नेलं. महिन्याभरानं पडद्यावर आक्का, डोक्याला लोकरीची टोपी, मांडीवर नात.

“काय म्हणतोय थंडीचा मुलूख?” मी विचारलं.

“मुलूख बरा हाय. दर आठवड्याला हितली नर्स घरी येती. पोरीला पार उघडी करून उजेडाला धरती, डोक्यापासून टाचंपातुर बघती, अन् लिवती.”

“स्वभावानं कशी आहे?”

“चांगली हाय, पर तुमच्यावानी मायाळू नाय, शिस्टर. परवा तेल लावताना माजं नख लागलं पोरीला, जरासं खरचटलं. म्या लई हात जोडले, येवढं एक नका लिवू म्हनलं. अश्विनीला सांगाया लावलं. तिनं काय ऐकलं नाय. लिवलंच.”

“मग?”

“मग काय,” आक्का म्हणाल्या, “बसवलं खुर्चीवर, अन् च्या करून पाजला तिला.”